डबल सायलेन्सरची थार

गाडी महिंद्रा थार, पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. मालक गडहिंग्लजकडचा, पंचविशीतला, घरची ऊसशेती. जॉब कार्डावर मी गिऱ्हाइकाचे शब्द बदलत नाही, म्हणून तक्रार त्याच्याच शब्दांत: "डबल सायलेन्सर टाकलाय. पिकअप आलं नाही, डोकं मात्र उठतंय."

कोल्हापुरात उद्यमनगरला माझी शेड आहे. सायलेन्सर, गार्ड, कॅरिअर, असलं पाइप वाकवायचं काम. डबल सायलेन्सरची चौकशी घेऊन आठवड्याला एक तरी पोरगं येतंच. बहुतेकांना मी चहा पाजून परत पाठवतो, आणि आलेलं गिऱ्हाईक सोडतो म्हणून शेजारचे मला वेड्यात काढतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात ती दुसरी नळी खरंच कामाला आली. फक्त ज्या तऱ्हेनं आली, ती मलाही आधी सुचली नव्हती.

"तुला नक्की काय पाहिजे होतं?" मी विचारलं.

"आवाज. बिंदू चौकात वळलो तर रंकाळ्यावर कळलं पाहिजे. आणि जमलं तर थोडं पिकअप." मग जरा थांबून म्हणाला, "आवाजाचं झालंय तसं. कालव्याच्या पुलावर आलो की बाबा आवाज ऐकून गेट उघडत्यात."

काम दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात झालं होतं, २८ हजार देऊन. दुकानाचं नाव त्यानं सांगितलं, मी कार्डावर लिहिलं नाही.

रॅम्पवर घेतली. कॅटला, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, कुणी हात लावला नव्हता, एवढं नशीब. त्याच्या मागं मूळ पाइप ग्राइंडरनं कापला होता आणि तिथून वाय-जोड काढला होता. त्याला दोन टांगा, दोन इंची एमएस म्हणजे साध्या लोखंडी पाइपच्या, वरून चंदेरी रंग. एक उजवीकडं, एक डावीकडं. प्रत्येकीवर हातभर लांबीचा गोल ड्रम: मधून सरळ जाणारा भोकाभोकांचा पाइप आणि भोवती ग्लासवूल.

कॅमेऱ्याची वायर आत सोडली तेव्हा वायचं तोंड दिसलं. दोन पाइप तिरके कापून एकमेकांना टेकवले होते आणि बाहेरून वेल्ड मारलं होतं. आत एका पाइपची कड नखभर पुढं आलेली आणि तिच्यावर वेल्डिंगचे थेंब लोंबत होते. वळणं साध्या प्रेसवर दाबून केलेली, त्यामुळं बाहेरून दोन इंच म्हणावा असा पाइप वळणावर चपटा झाला होता. कॅलिपर लावला तर ४० मिलिमीटरच्या आतबाहेर.

डाव्या नळीवर बोटाएवढी रुंद, चकाकणारी घासल्याची रेघ होती. थारचा मागचा अॅक्सल सलग आहे. एक चाक खड्ड्यातून वर उचललं की अख्खा दांडा तिरका होतो, आणि नेमक्या त्याच जागेतून ही नळी नेली होती. टोक बंपरच्या खाली चार बोटं लोंबत होतं. या गाडीचा मागचा उतरण-कोन, म्हणजे चढावरून उतरताना मागचा भाग जमिनीला न टेकता जेवढा उतार चालतो तो, कंपनी ३७ अंशांच्या आसपास सांगते. लोक थार घेतात ती अशाच गोष्टींसाठी, आणि इथं तोच कोन दोन टोकांसाठी घालवलेला. टोकाची कडा चेपली होती आणि चेपलेल्या घडीत लाल माती सुकून बसली होती.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण बघतच नाहीत. कंपनी सायलेन्सर रबरावर टांगते. इथं एका ठिकाणी पट्टी थेट चासीला बोल्टनं आवळली होती. म्हणजे पाइपची थरथर बॉडीत, बॉडीतून सीटमध्ये आणि सीटमधून या पोराच्या डोक्यात.

त्याला रॅम्पखाली बोलावलं. "मागं किती नळ्या लावायच्या ते नंतर ठरव," म्हटलं, "आधी पुढं किती आहेत ते मोज."

थारचं पेट्रोल इंजिन १,९९७ सीसीचं, चार सिलिंडर एका ओळीत, टर्बो, १५० बीएचपी, मॅन्युअलला ३०० न्यूटन-मीटर टॉर्क. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, दर अर्ध्या फेरीला एक सिलिंडर आपला धूर बाहेर टाकतो, तो एक ठोका. चारही तोंडं एका मॅनिफोल्डला, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या पाइपला, आणि मॅनिफोल्ड एका टर्बोला. धुराच्या जोरावर चाक फिरवून टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो. टर्बोच्या चाकातून धूर बाहेर पडतो तो एकच प्रवाह होऊन, आणि चाक फिरवण्यात त्याचे ठोकेही बोथट झालेले असतात. टर्बो गाडीचा आवाज मऊ का असतो, याचं उत्तर इथंच आहे. या एका प्रवाहाला शेवटी दोन फाटे फोडून काय मिळणार?

"शेताकडं एकच कालवा येतो," मी म्हटलं. "शेवटी दोन पाट काढलेस म्हणून पाणी वाढतं का?"

"पाणी नाही वाढत. पण दोन पाटांनी लवकर पसरतंय की."

उत्तर हुशारीचं होतं. बोगदा अरुंद असेल तर दोन बोगद्यांनी फरक पडतोच. म्हणून पाटीवर खडूनं हिशेब मांडला. दीड मिलिमीटर जाडीचा दोन इंची पाइप आतून ४७.८ मिलिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ साधारण १८ चौरस सेंटिमीटर. दोन पाइप म्हणजे ३६. त्याच जाडीचा तीन इंची एकच पाइप घेतला तर ४२. एक नळी दोघींना भारी पडते. शिवाय धूर पाइपच्या भिंतीला घासत जातो, आणि दोन बारीक पाइपांची मिळून भिंत ३० सेंटिमीटर घेराची, एका मोठ्याची २३ सेंटिमीटर. जागा कमी, घासणं जास्त, वजन जास्त. वळणावर चपटा झालेला भाग धरला तर ३६ हा आकडाही कागदावरचाच.

मग प्रश्न आला, जो नेहमी येतोच: "इंटरसेप्टरला दोन आहेत की! ती कशी वाजते मग?"

रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० या मोटारसायकलला दोन सायलेन्सर आहेत कारण तिला सिलिंडरच दोन आहेत. प्रत्येकाचा पाइप स्वतंत्र निघतो, खाली दोघांना जोडणारी एक आडवी नळी असते आणि पुढं दोघं आपापल्या बाजूनं जातात. तिचा आवाजही नळ्यांच्या संख्येतून येत नाही. तो क्रँकमधून येतो. २७० अंशांचा क्रँक असल्यामुळं एक ठोका २७० अंशांनी पडतो आणि पुढचा ४५० अंशांनी. ती लंगडी, घोड्याच्या टापांसारखी लय कानाला गोड लागते. थारचे ठोके मोजून-मापून दर १८० अंशांनी पडतात. त्यांना दोन नळ्या लावा नाहीतर चार, लय तीच राहणार.

खरा डबल एक्झॉस्ट व्ही आकाराच्या इंजिनांचा. भारतात २०१६ ला आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीसारखं पाच लिटरचं व्ही-८ घ्या. चार सिलिंडर डावीकडं, चार उजवीकडं, दोन मॅनिफोल्ड, दोन प्रवाह. तिथं दोन नळ्या ही सोय नसून गरजच आहे. तिथं निवड करायची ती वेगळ्याच गोष्टींची. दोन पाइप मध्येच आडव्या नळीनं जोडायचे, की एक्स आकारात एकमेकांतून न्यायचे? आडव्या नळीनं आवाज खोल आणि घोगरा राहतो. एक्सनं दोन्हीकडचे ठोके मिसळून आवाज तलम आणि चढा होतो, आणि वरच्या फेऱ्यांना धूर निघायलाही बरा. पण आपल्याकडं व्ही इंजिन शोधून सापडत नाही, आणि डबल नळी मात्र तीन सिलिंडरच्या हॅचबॅकलाही दिसते. बहुतेक वेळा त्यातली एक बंपरवर चिकटवलेलं नुसतं टोक असते. त्यावर माझा राग नाही. निदान ती गाडी बिघडवत नाही.

पिकअपबद्दल एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. जुने मिस्त्री सांगतात, इंजिनाला बॅक प्रेशर, म्हणजे पाइपात अडलेल्या धुराचा उलटा दाब, लागतं, नाहीतर ताकद मरते. बिनटर्बोच्या इंजिनाला लागतो तो धुराचा वेग. योग्य जाडीच्या पाइपमधून एक ठोका जोरात निघाला की मागच्याला ओढून नेतो. पाइप फार मोठा केला की वेग पडतो आणि खालची ताकद जाते, मग वाटतं बॅक प्रेशर गेलं म्हणून असं झालं. टर्बोच्या मागं मात्र जेवढा दाब कमी तेवढं चांगलं. तरीही नुसता मागचा पाइप मोकळा करून थारचं पिकअप वाढेल असं कुणी सांगत असेल तर त्याला विचारा, टर्बोचा दाब कोण ठरवतं? ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतं. ते ठरलेल्या टॉर्कपाशी, म्हणजे फिरवण्याच्या जोरापाशी, थांबतं. मागं थोडी जागा झाली तर टर्बो जरा लवकर जागा होतो, इतकंच.

हे सगळं सांगून झालं तरी पोराचा चेहरा "बघू" असाच. मग चाचणी करू म्हटलं. गगनबावड्याच्या रस्त्याला सकाळी लवकर एक सपाट सरळ तुकडा मोकळा मिळतो. तिसऱ्या गिअरला ४० वरून ८०, तीन-तीन वेळा, फोन स्पीडोमीटरवर रोखून. घड्याळ व्हिडिओवरून लावायचं, म्हणजे पोटातल्या गुदगुल्यांवर विश्वास ठेवायला नको.

पहिली फेरी आहे तशीच. दुसऱ्या फेरीसाठी मी डाव्या नळीच्या टोकावर लोखंडी चकती ठेवली, आत पॅकिंग घातलं आणि क्लॅम्पनं आवळली. मला दाखवायचं एवढंच होतं की एक नळी बंद केली तरी रोजच्या चालवण्यात काही बिघडत नाही. वाय वेल्ड केलेला, तिथं बंद करायला जागाच नव्हती, म्हणून टोकाला बंद केली. हा योगायोग पुढं महत्त्वाचा ठरला.

वेळेत फरक दिसला तो वरच्या टोकाला. ३,००० आरपीएमपर्यंत दोन्ही फेऱ्या सारख्याच, काट्याला काटा. ४,००० च्या वर एका नळीवर गाडी जड वाटली, आणि तसं होणारच. ५,००० आरपीएमला हे इंजिन टर्बोचा दाब न धरताही सेकंदाला ८३ लिटर हवा ओढतं. ती तापून दुपटीहून जास्त फुगते, आणि १८ चौरस सेंटिमीटरच्या एका नळीतून तिला जायचं असतं.

पण परतताना टॉप गिअर पडला, काटा दोन हजारांवर स्थिर झाला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. घुमणं बंद झालं होतं. अगदी शांत म्हणणार नाही, पण जाताना त्याच वेगाला काचा खुळखुळत होत्या आणि बोलायला ओरडावं लागत होतं. आता रेडिओ ऐकू येत होता.

"दादा, काय केलंत?"

काही केलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही गाडी बाजूला घेऊन डॅशबोर्डवर कागद काढला. चार सिलिंडरचं इंजिन, २,००० आरपीएम. मिनिटाला २,००० फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन ठोके, म्हणजे सेकंदाला ६७. डोकं उठवणारा तो घूं म्हणजे हाच ६७ हर्ट्झ. सरळ पाइप आणि ग्लासवूलचा ड्रम बारीक, किणकिणता आवाज खातो. असला जाड आवाज त्याला पचत नाही. त्याला मोठी पोकळी, आत कप्पे, उलटसुलट वाट लागते. कंपनीचा सायलेन्सर एवढा थोराड का असतो ते आता कळलं असेल.

आता एका बाजूनं बंद असलेली नळी मुख्य पाइपला फाट्यासारखी जोडली, तर ठोका तिच्यात शिरतो, बंद टोकावर आपटून परत येतो, आणि परत येईपर्यंत मुख्य पाइपमध्ये बरोबर उलटा क्षण चालू असतो. दोघं एकमेकांना मारतात. त्यासाठी फाट्याची लांबी त्या आवाजाच्या तरंगाच्या पाव भाग लागते. गरम धुरात आवाज हवेपेक्षा जोरात पळतो, दीड-दोनशे अंश तापमान धरलं तर सेकंदाला ४१० ते ४४० मीटर. त्याला ६७ नं भागा, मग चारनं. उत्तर येतं दीड ते पावणेदोन मीटरच्या मधलं.

शेडवर येऊन टेप लावली. वायपासून डाव्या टोकापर्यंत १ मीटर ६० सेंटिमीटर.

म्हणजे २८ हजारांच्या कामात जी नळी आवाजासाठी लावली होती, ती बंद केल्यावर आवाज खायला लागली. मोठ्या कंपन्या आणि बाहेरचे चांगले एक्झॉस्ट बनवणारे असा फाटा मुद्दाम घालतात. चार मीटरच्या आतल्या गाडीखाली दीड मीटरची आंधळी नळी लपवायची कुठं, ही त्यांची डोकेदुखी असते. इथं ती आयती, चुकून, जागेवर बसली होती. शेजारच्या मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला, "मग तशीच ठेवा की, डबल दिसतंय पण!"

पोराच्याही मनात तेच होतं. मी नाही म्हटलं, आणि त्याची कारणं त्या हर्ट्झच्या गणितात नव्हती. वरच्या टोकाला गाडी गुदमरत होती. एमएसचा पाइप आपल्या पावसात दोन-तीन वर्षांत आतून सडणार, आणि बंद नळीत साचलेलं पाणी ते आणखी लवकर करणार. अॅक्सलला घासणं तसंच राहणार होतं. नळी घासून फुटली तर धूर केबिनखाली सुटणार, आणि पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कायद्याचा विषय त्यानं स्वतःच काढला, पण उडवून लावायला: "बुलेटवाल्यांना धरत्यात दादा, थारला कोण विचारतंय?" बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनीच बघितलेत, आणि तेवढ्यावरून लोकांना वाटतं कायदा फक्त दुचाकीला आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं: मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर कलम १९० वेगळं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. आणि अपघाताच्या क्लेममध्ये विम्याच्या सर्व्हेअरनं गाडीखाली वाकून बघितलं तर तो वाद वेगळाच.

"मग जुना सायलेन्सर लावू," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण लगेच गप्प झाला. जुना माल दुकानानं ठेवून घेतला असणार, नवा घ्यायचा तर खर्च. त्यानं घरी फोन लावला. पलीकडून वडिलांचा आवाज मलाही ऐकू आला: "गोठ्यात हाय. त्या दुकानातनं मीच उचलून आणलाय. लोखंड काय फुकट येतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः सायलेन्सर घेऊन आले, पोत्यात गुंडाळून. मी तोंडात बॅटरी मारली तर आत माती. कुंभारीण माशीनं पाइपात घर केलं होतं, एकावर एक सहा-सात मडकी. रबरी हातोडीनं ठोकून, हवा मारून ते काढायला अर्धा तास गेला. काका बाजूला बसून बघत होते, मध्येच म्हणाले, "हिनं तरी बिनभाड्याचं नीट घर बांधलंय." त्या दुकानाच्या वेल्डिंगवर याहून नेमकी टीका मी करू शकलो नसतो.

बसवताना कापलेल्या जागी थेट वेल्ड केलं नाही. दोन्ही टोकांना स्टीलचे फ्लँज, म्हणजे बोल्टनं जोडायच्या चकत्या, टिग वेल्डिंगनं लावले, मध्ये पॅकिंग, तीन बोल्ट. पुन्हा कधी काढायचं झालं तर ग्राइंडर लागायला नको. हँगरची रबरं नवी, चासीला आवळलेली पट्टी काढून टाकली. मग गगनबावड्याची तिसरी फेरी, त्याच तुकड्यावर. दोन नळ्यांच्या वेळा आणि कंपनीच्या सायलेन्सरच्या वेळा शेजारी ठेवल्या तर फरक व्हिडिओ थांबवताना बोट इकडंतिकडं होईल एवढाच. पोरानं तिन्ही फेऱ्यांचे व्हिडिओ स्वतः दोनदा बघितले. मग काही बोलला नाही, फोन खिशात टाकला.

काढलेल्या मालातला डावा ड्रम माझ्याकडं आहे. चौकशीला येणाऱ्या पोरांना दाखवायला भिंतीवर टांगलाय, चकतीसकट. उजवा काका घेऊन गेले.

महिनाभरानं ऑइल बदलायला गाडी आली. सहज विचारलं, आता कसं वाटतंय?

"गाडी बरी आहे," तो म्हणाला. "पण बाबांना पुलावरनं मिस्ड कॉल द्यावा लागतोय. गेट उघडायला."